चार बटणं

दोन आठवडे, डॉक्टर म्हणाल्या.
नळी तात्पुरती आहे.
मनगटात शिरा जोडून ठेवल्यात, त्या फुगल्या की काढून टाकू.
आपाने मान वळवली,
कानाला खूण करताना मेंढी वळवते तशी,
आणि त्यांनी उजवीकडे, हासळीच्या वर,
नळी आत सारली. बाहेर दोन शेपट्या:
एकीला लाल टोपण, एकीला निळं.
लाल रक्त नेणारी, निळी परत आणणारी.
परत आणते ना नक्की, आपाने विचारलं.
बाजारात आयुष्य गेलेली बाई.

नारिनहून बिश्केकला आणलं तिला नोव्हेंबरात,
डोलोनचा घाट अजून चालू होता तेव्हा.
माझ्या शिवणाच्या खोलीत, कापडाच्या ठाणांना टेकून,
तिची गादी.
नळीच्या कुशीवर झोपायचं नाही.
मान फार वळवायची नाही.
रुमालाची गाठ चाळीस वर्षं हनुवटीखाली,
ती आता मागे मानेवर गेली, तरण्या पोरींसारखी.
आरशात बघून म्हणाली, बुरुलकान, आता लग्न कर.

आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास.
प्रत्येक वेळी झगा खांद्यावरून उतरवायचा,
आणि बाकी सहा पलंगांवर पुरुष.
मी तिच्या तिन्ही झग्यांचे उजवे खांदे उसवले,
आतून पट्टी लावली, वर चार बटणं.
नर्सने बोट फिरवून विचारलं, कोणी शिवलं?
महिन्याभरात अकरा जणांचे खांदे उसवले मी.
पैसे एकाकडूनच घेतले,
तो कस्टममध्ये होता.

अंघोळ बंद. ओल्या फडक्याने पुसायचं,
तेही पट्टीपासून चार बोटं लांब.
आणि प्यायला दिवसाला अर्धा लिटर.
आमच्यात पाहुण्याला चहा अर्धाच प्याला देतात.
म्हणजे पुन्हा भरता येतो. म्हणजे बसा.
काठोकाठ दिला की समजायचं, उठा आता.
आपा अर्धा प्याला दोन्ही हातांत धरून बसायची
आणि तो संपल्यावर कोणी पुढे होत नसे.
घरात दुसरं होतं कोण?
ते न होणारं कोणी मीच.

दोनाचे पाच आठवडे झाले.
मनगट गप्प.
सहाव्यात, यंत्र चालू असतानाच, हुडहुडी भरली,
पलंगाची चाकं वाजायला लागली.
नळी काढली, टोक कापून बाटलीतून तपासायला पाठवलं,
कोपराजवळ शिरा पुन्हा जोडल्या,
आणि मानेत डावीकडून दुसरी नळी घातली.
तात्पुरती, डॉक्टर म्हणाल्या. कागदाकडे बघत.
माझा नवराही येकातेरिनबुर्गला दोनच वर्षांसाठी गेला होता.
यंदा नववं.
घरी येऊन मी डावे खांदे उसवले.

मार्च संपता संपता तिने मला जवळ ओढलं,
कोपराशी माझा कान दाबला. ऐक.
पलीकडच्या खोलीत कोणी मशीन चालवावं,
टाका न तोडता, तसं काहीतरी आत.
मला शिवणातलं कळतं.
मशीन ठीक चालत होतं.

श्वास रोखा, डॉक्टर म्हणाल्या, आणि ओढली.
मग दहा मिनिटं बोटाने दाबून धरलं, घड्याळ लावून.
नळी स्टीलच्या ताटलीत पडलेली, मूत्रपिंडाच्या आकाराच्या.
त्या खोलीत धडधाकट तेवढं एकच.

पुढच्या शनिवारी भोक मिटलं तसं
मी बादलीत कढत पाणी विसावलं,
तिला पाटावर बसवलं.
मान, खांदे, दोन्ही हासळ्यांवरचे दोन डाग.
तांब्यामागून तांब्या. ती मोजत होती.
नवव्याला तिने तोंड वर केलं
आणि पाणी तोंडात धरलं.
गाल फुगलेले, डोळे माझ्यावर.
मी तांब्या खाली ठेवला.
किती वेळ गेला कोण जाणे, आमच्यापैकी कोणीच हललं नाही.
मग तिने चूळ टाकली, लांब, भिंतीपर्यंत,
आणि म्हणाली,
मोजलंस?